गड आला, पण क्लब गेला

बल्गेरियातले दोन सगळ्यांत मोठे फुटबॉल क्लब राजधानी सोफियात आहेत. एक लेव्हस्की आणि दुसरा सीएसकेए (चेन्नईवाला सीएसके वेगळा, हा मुळात सैन्यदलाचा क्लब). या दोघांची मॅच असली की मोहन बागान-ईस्ट बंगालच्या दिवशी कोलकात्याचं होतं तसं सोफियाचं होतं, शहराचे सरळ दोन तुकडे. पैसा इथे, टीव्हीचे कॅमेरे इथे, मोठं स्टेडियमही इथेच. आणि तरीही 2010 ते 2025 असे सलग 16 हंगाम देशाचं विजेतेपद सोफियात गेलंच नाही. पहिली दोन वर्षं ते लोवेच नावाच्या गावानं नेलं आणि पुढची 14 वर्षं राझग्राड नावाच्या गावानं. दोन्हीकडची वस्ती तीसेक हजारांच्या घरातली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

राझग्राडच्या लुडोगोरेट्सबद्दल फुटबॉल बघणाऱ्यांनी ऐकलेलं असतं. 2014 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी त्यांच्या गोलकीपरला रेड कार्ड मिळालं. बदली खेळाडू संपलेले. मग कॉस्मिन मोत्सी नावाच्या डिफेंडरनं ग्लव्ह्ज चढवले, शूटआउटमधली पहिली पेनल्टी स्वतः मारली आणि नंतर समोरच्यांच्या दोन अडवल्या. राझग्राडच्या स्टेडियममधल्या एका स्टँडला आज त्याचं नाव आहे. अशी गोष्ट रील्सवर दर दोन महिन्यांनी फिरून येतेच.

लोवेचची गोष्ट फिरत नाही. पण ती आपण, म्हणजे ज्यांना कॉलेजच्या कट्ट्यावर 'माझा क्लब' म्हणून भांडायला आवडतं त्यांनी, जास्त नीट ऐकायला हवी असं मला वाटतं.

लोवेच सोफियापासून दीडशे किलोमीटरवर आहे. पुणे-मुंबईएवढं अंतर. ओसम नदीच्या काठचं गाव. नदीवर छप्पर असलेला पूल आणि पुलाच्या आत दोन्ही बाजूंना दुकानं. वर टेकडीवर मध्ययुगीन किल्ला, त्याचं नाव हिसार्या. गावात 1921 मध्ये फुटबॉल क्लब सुरू झाला तेव्हा त्याला या किल्ल्याचंच नाव दिलं होतं. पुढे कम्युनिस्ट राजवटीत कार्पाचेव्ह या क्रांतिकारक कवीचं नाव आलं. मग नदीचं आलं, ओसम. नव्वदीत राजवट बदलली, सरकारी पैसा आटला आणि क्लबला खासगी मालक शोधावे लागले. त्यानंतरचं नाव लेक्स, आणि 1996 मध्ये ग्रिशा गांचेव्ह या उद्योजकानं क्लब घेतल्यावर लितेक्स. हे त्याच्या कंपनीचं नाव. किल्ला, कवी, नदी आणि शेवटी कंपनी. एका गावाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास क्लबच्या या नावांमध्येच वाचता येतो. पुढे काय होणार याची चाहूलही खरं तर शेवटच्या नावात होती. पण तेव्हा ती कुणाला लागली असेल? कारण पुढच्याच दोन वर्षांत चमत्कार झाला.

1997 मध्ये लितेक्स वरच्या विभागात आला आणि 1998 मध्ये थेट देशाचा विजेता झाला. वर आल्याआल्या पहिल्याच वर्षी विजेतेपद ही गोष्ट बल्गेरियात तोवर कुणी केली नव्हती. 1999 मध्ये पुन्हा विजेतेपद. मग 2001, 2004, 2008 आणि 2009 अशी चार वेळा बल्गेरियन कप. 2010 आणि 2011 मध्ये परत लीग. चार लीग, चार कप.

पण छोट्या गावाचा क्लब ट्रॉफ्यांवर जगत नाही. तो खेळाडू घडवून विकण्यावर जगतो. स्वेतोस्लाव तोदोरोव्हचंच बघा. ईशान्य बल्गेरियातल्या डोब्रिचचा मुलगा. तिथल्या स्थानिक क्लबातून 1997 मध्ये लोवेचला आला, दोन विजेतेपदांत खेळला आणि जानेवारी 2001 मध्ये हॅरी रेडनॅपनं त्याला इंग्लंडात वेस्ट हॅमला नेलं. तिथे त्याचं फारसं जमलं नाही. रेडनॅप पोर्ट्समथला गेला आणि वर्षभरानं त्यानं तोदोरोव्हलाही तिकडे बोलावून घेतलं. 2002-03 च्या हंगामात तोदोरोव्हनं लीगमध्ये 26 गोल केले. त्या विभागात त्या वर्षी सगळ्यांत जास्त गोल त्याचेच. पोर्ट्समथ विजेता ठरून प्रीमियर लीगमध्ये पोचलं. आणि प्रीमियर लीग सुरू होताना या पठ्ठ्याचा गुडघा गेला. ज्या लीगमध्ये त्यानं क्लबला गोल करून करून नेलं, त्या लीगचा पहिला हंगाम त्यानं जवळपास सगळा बाहेर बसून काढला. करिअर पुढेही चाललं, पण पुन्हा तसं वर्ष आलं नाही. अखेरच्या वर्षांत तो परत लोवेचला येऊन खेळला.

हे परत येणं मला महत्त्वाचं वाटतं. गावाच्या क्लबातून खेळाडू जातो तेव्हा कुणी छाती पिटत नाही. तो जाणारच असतो, जावा म्हणूनच त्याला घडवलेलं असतं. आपल्याकडे नाही का, गावातल्या शाळेतला पोरगा यूपीएससी पास होऊन बाहेर जातो आणि गाव फ्लेक्स लावतं? पण जाणाऱ्याला मागे वळून बघायला एक ठिकाण राहिलं पाहिजे. तोदोरोव्हला ते ठिकाण होतं.

इवेलिन पोपोव्ह लितेक्समध्ये विशी गाठायच्या आधीच खेळायला लागला. 2010 मध्ये तुर्कस्तानात गेला, तिथून रशियात. स्पार्टाक मॉस्कोनं 2017 मध्ये लीग जिंकली त्या संघात तो होता आणि बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधारही झाला. त्याच्यानंतरचा किरिल देस्पोदोव्ह. नैर्ऋत्येकडच्या क्रेस्ना नावाच्या अगदी छोट्या गावचा मुलगा लितेक्सच्या अकादमीत आला आणि अकरावी-बारावीच्या वयातही न पोचता, 2012 मध्ये सीनियर संघात उतरला. तेव्हा कोच कोण होता, तर ह्रिस्तो स्टॉइचकोव्ह! 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारा, सहा गोल करणारा, त्याच वर्षी बॅलन डी'ओर मिळवणारा माणूस एका तालुक्याएवढ्या गावात रोज सकाळी शाळकरी वयाच्या पोरांची प्रॅक्टिस घेतोय, हे चित्रच भारी आहे. देस्पोदोव्ह पुढे इटलीत काल्यारीला गेला, ऑस्ट्रियात खेळला, लुडोगोरेट्समध्ये आला आणि मग ग्रीसमधल्या पाओकबरोबर 2024 मध्ये तिथली लीग जिंकला.

(बल्गेरियन फुटबॉल म्हटल्यावर आपल्याला पटकन आठवतो तो दिमितार बर्बातोव्ह. तो लितेक्सचा नाही, ब्लागोएव्हग्राडच्या पिरिनचा. मँचेस्टर युनायटेडकडून प्रीमियर लीगचा टॉप स्कोअरर झालेला हा माणूस 2017 मध्ये केरला ब्लास्टर्सकडून खेळायला आपल्याकडे आला होता. तेव्हा तो 36 वर्षांचा होता आणि धावायचा कमीच, पण बॉल पायावर यायचा तेव्हा बघत बसावं.)

पोरं घडवणाऱ्या क्लबांना याचे पैसे मिळावेत म्हणून फिफाचा एक नियम आहे. एका देशातला खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला की ट्रान्सफरच्या रकमेतला पाच टक्के हिस्सा, तो 12 ते 23 या वयात जिथे जिथे खेळला त्या क्लबांमध्ये वाटायचा. बारा ते पंधरा या वयातल्या दर वर्षाला पाव टक्का, सोळाच्या पुढे दर वर्षाला अर्धा टक्का. ऐकायला चिल्लर वाटते. पण रक्कम कोटींत असेल तर छोट्या क्लबाचा बसचा आणि मैदानाचा वर्षभराचा खर्च निघू शकतो. नियम चांगलाच आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, हा पैसा गावाला मिळत नाही. ज्या संस्थेच्या नावावर क्लबची नोंदणी आहे तिच्या खात्यात तो जमा होतो. आणि आपली खरी गोष्ट इथूनच सुरू होते, कारण नोंदणी ही कागदावरची चीज आहे आणि कागद बसमध्ये घालून कुठेही नेता येतो.

2015 मध्ये सोफियाच्या सीएसकेएवर कर्जाचा डोंगर झाला. वरच्या लीगचं लायसन्स मिळालं नाही आणि देशात सगळ्यांत जास्त विजेतेपदं नावावर असलेला क्लब थेट तिसऱ्या विभागात जाऊन पडला. त्याला वाचवायला पुढे आला तो ग्रिशा गांचेव्ह. हो, लोवेचवालाच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लितेक्सची लेव्हस्कीबरोबर लीगची मॅच होती. पहिल्या हाफमध्येच लितेक्सच्या दोघांना रेड कार्ड आणि लेव्हस्कीला पेनल्टी. लितेक्सचा संघ निषेध म्हणून मैदान सोडून गेला. परत आलाच नाही. काही दिवसांत शिस्तपालन समितीनं क्लबला लीगमधून काढून टाकलं आणि हंगामातले त्यांचे निकाल रद्द केले. लितेक्सचा दुसरा संघ खालच्या विभागात खेळत होता, उरलेलं वर्ष क्लबनं तिथे काढलं. यात एक विचित्र योगायोग आहे. लेव्हस्की क्लबला ज्यांचं नाव आहे ते वासिल लेव्हस्की म्हणजे ऑटोमन सत्तेविरुद्ध गुप्त समित्यांचं जाळं विणणारे क्रांतिकारक, आणि त्या जाळ्याचं केंद्र होतं लोवेच. त्या नावाच्या क्लबाशी खेळताना लोवेचचा क्लब संपायला लागला.

2016 च्या उन्हाळ्यात मग कागद हलले. लितेक्सची जी नोंदणीकृत संस्था होती तिचं नाव बदलून सीएसकेए-सोफिया केलं गेलं, मुक्काम राजधानीत हलला आणि लीगची फेररचना होत असताना हा 'नवा' सीएसकेए वरच्या विभागात दाखल झाला. लितेक्सचे काही खेळाडूही त्याच वाटेनं सोफियाला गेले. देस्पोदोव्ह त्यांतलाच. या वेळी फक्त खेळाडू गेला नव्हता, त्याचा क्लबच उठून गेला होता.

या सगळ्याला 'चोरी' म्हणायचा मोह होतो. मला तो आवरावा लागला, कारण दुसरी बाजू कच्ची नाही. गांचेव्ह आला नसता तर लोवेचला चार विजेतेपदं स्वप्नातही मिळाली नसती. वीस वर्षं पैसा त्याचा होता. स्टॉइचकोव्हचा पगार गावानं वर्गणी काढून दिला नव्हता. आणि सीएसकेएच्या फॅन्सचं दुःखही खोटं नव्हतं. आपला क्लब तिसऱ्या विभागात, गावोगावच्या मैदानांवर खेळताना त्यांनी वर्षभर बघितला. त्याच वर्षी त्या तिसऱ्या विभागातल्या संघानं चक्क बल्गेरियन कप जिंकला, फायनलमध्ये वरच्या विभागातल्या मोंटानाला 1-0 हरवून. त्यांना त्यांचा क्लब परत वर हवा होता, यात चूक काय?

चूक एवढीच की किंमत तिसऱ्यानं मोजली. मालकाला एक क्लब सोडून दुसरा घ्यायचा होता तर तो हक्क त्याचा आहे. पैसा थांबवून लितेक्स दुसऱ्या विभागात, तिसऱ्या विभागात गेला असता तर लोवेचनं तेही सोसलं असतं. गावोगावचे क्लब खाली जातात, कधी पंधरा वर्षांनी वर येतात, कधी येतही नाहीत. पण इथे गुंतवणूक काढून घेतली असं झालं नाही. क्लबच्या नावावरची जागाच उचलून नेली गेली, आणि ती जागा फक्त पैशानं मिळालेली नव्हती. तीत डोब्रिचहून आलेल्या तोदोरोव्हचे गोल होते, क्रेस्नाच्या पोराचं बालपण होतं, 1921 पासून थंडीत उभं राहून मॅच बघणारी माणसं होती. यातल्या कुणाच्या सहीची गरज पडली नाही. ज्या राजधानीला मैदानावर विजेतेपद परत आणता येत नव्हतं, तिनं आधीच्या विजेत्याचं लायसन्स आणलं.

आता हे वाचून 'युरोपात काय काय होतं बघा' म्हणत असाल तर जरा बालेवाडीकडे बघा. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी तिच्या पहिल्या संघांपैकी एक होता. पाच हंगाम बालेवाडीच्या स्टेडियमवर खेळला, 2017-18 मध्ये प्लेऑफपर्यंत पोचला आणि 2019 मध्ये बंद पडला. त्याची लीगमधली जागा हैदराबाद एफसीला मिळाली. आदिल खान, निखिल पुजारी असे काही खेळाडूही पुण्याहून तिकडे गेले. हैदराबादनं 2022 मध्ये गोव्यात, फातोर्ड्याला, फायनल जिंकून ट्रॉफी उचलली आणि 2025 मध्ये तो संघही दिल्लीला हलला, नावासकट. पुण्याच्या त्या जागेला सहा वर्षांत तीन शहरं झाली. त्याआधी मुंबईत महिंद्रा युनायटेड होता. नॅशनल लीग आणि फेडरेशन कप जिंकलेला संघ कंपनीनं 2010 मध्ये बंद केला.

आपल्याकडे यावर फार आरडाओरडा झाला नाही. त्याचं कारण मला असं दिसतं की आपण क्लबला मुळातच 'फ्रँचायझी' म्हणायला शिकलो. शब्द साधा आहे, पण त्यानं अर्धं काम आधीच केलेलं असतं. फ्रँचायझी वडापावची असते, ती इथे चालली नाही तर दुसऱ्या चौकात टाकतात. लोवेचच्या लोकांना निदान धक्का बसायला 95 वर्षांचा इतिहास होता. आपल्याला धक्काही बसत नाही, कारण आयएसएल सुरू झाली तेव्हा तिच्यात वर जायला-खाली यायला पायऱ्याच नव्हत्या. आत असायचा तो आत, आणि मालकाचा मूड गेला की बाहेर.

याला उपाय नाहीत असं नाही. जर्मनीत 50+1 नावाचा नियम आहे. क्लबमधल्या मतांचा बहुमताचा हिस्सा सभासदांकडेच राहतो, बाहेरचा गुंतवणूकदार कितीही मोठा असला तरी. अपवाद तिथेही आहेत, लेव्हरकुसन आणि वोल्फ्सबुर्ग, कारण तिथे कारखान्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या क्लब पोसले. इंग्लंडमध्ये 2002 मध्ये विम्बल्डनला मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली तेव्हा चिडलेल्या फॅन्सनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये आणून दाखवला. 2025 मध्ये तिथे फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदाच झाला. आता घरचं मैदान विकायचं किंवा हलवायचं तर मालकाला त्याची मंजुरी लागते.

आपल्याला लगेच जर्मनी व्हायचं नाही. पण लीगचं लायसन्स शहराशी बांधलेलं असावं, मालक गेला तर ती जागा ठरावीक मुदतीपर्यंत त्याच शहरातल्या दुसऱ्या संस्थेला, तिथल्या जुन्या स्थानिक क्लबांना देऊ करावी, आणि नाव, रंग, गाव यांतलं काहीही बदलताना सीझन तिकीटवाल्यांचं मत घेणं बंधनकारक असावं, एवढं तर मागता येतं. फेडरेशनला पत्र लिहायला ब्रसेल्सला जावं लागत नाही. पुण्यामुंबईतल्या कॉलेजांमध्ये स्पोर्ट्स मॅनेजमेंटचे कोर्सेस जोरात आहेत. तिथे 'फॅन एंगेजमेंट'चं प्रेझेंटेशन करताना एखादी स्लाइड या प्रश्नावर असायला हरकत नाही.

राहता राहिलं लोवेच. तिथे आता काहीच नाही असं समजू नका. 2016 मध्येच लितेक्स हे नाव पुन्हा उभं राहिलं आणि दुसऱ्या विभागात खेळायला लागलं. पण त्यासाठीही एक जागा लागणार होती आणि ती शेजारच्या लुकोवितची घेतली गेली. लुकोवित लोवेचच्याच प्रांतातलं, लोवेचहून कितीतरी लहान गाव. तिथला बोतेव क्लब लोवेचला आणून त्याला लितेक्स हे नाव दिलं. लितेक्सचं काय झालं हे शोधताना इंग्रजीत बरंच काही वाचायला मिळालं. लुकोवितच्या बोतेवचा उल्लेख त्यात येतो, तो एका ओळीपुरता.